बलू २ : पाटीवरच्या जाड, गोलसर मराठी अक्षराचं परीक्षण

पुण्यात पाटी हाताने रंगवून घेणं आता क्वचित होतं. अमृततुल्य असो, पोळीभाजी केंद्र असो की पाळणाघर, नाव संगणकावर टाइप होतं आणि फ्लेक्स, व्हिनाइल किंवा ॲक्रिलिकवर उतरतं. म्हणजे पूर्वी पेंटरच्या हातात असलेला निर्णय आता फॉन्टच्या यादीत दडलेला असतो. या यादीतून जाड, गोलसर आणि लांबूनही आपलंसं वाटणारं मराठी अक्षर निवडायचं झालं, तर आमचं पहिलं मत ‘बलू २’ या फॉन्टला आहे. त्याची रेखाटणी उत्तम आहे आणि तो मोफत मिळतो. मात्र गावभर दिसणारे त्याचे निम्मे नमुने बिघडलेले आहेत. बिघाड फॉन्टचा नाही, तो वापरण्याच्या पद्धतीचा आहे आणि टाळता येण्यासारखा आहे. म्हणून या परीक्षणात फॉन्टच्या गुणांइतकीच जागा तो वापरताना काय चुकतं याला दिली आहे.

बलू हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉन्ट. २०१६ मध्ये तो गूगल फॉन्ट्सवर आला तेव्हा त्याची एकच जाडी होती, तीही भरभक्कम. पुढे आलेल्या बलू २ मध्ये पाच जाड्या मिळाल्या: रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे जाडीच्या आकड्यांत ४०० ते ८००. याच घराण्यात गुजरातीसाठी बलू भाई, कन्नडसाठी बलू तम्मा, तमिळसाठी बलू थंबी, बंगालीसाठी बलू दा, पंजाबीसाठी बलू पाजी अशी भावंडं आहेत आणि प्रत्येकात रोमन अक्षरंही आहेत. पाटीवर मराठीसोबत कन्नड किंवा गुजराती नाव हवं असलेल्या हॉटेलवाल्याला याचा मोठा फायदा आहे. दोन लिप्यांची जाडी आणि स्वभाव जुळवण्याची खटपट उरत नाही. परवाना खुला आहे. पाटी, डबा, पिशवी, जाहिरात, ॲप, कुठेही व्यावसायिक वापर चालतो. फक्त फॉन्टची फाइल तेवढी वेगळी विकायची नाही.

अक्षर कसं आहे

देवनागरी जाड करणं रोमन जाड करण्यापेक्षा अवघड असतं. रोमन ‘ओ’च्या पोटात एक मोठी पोकळी असते, ती थोडी लहान झाली तरी अक्षर ओळखू येतं. आपल्याकडे ‘झ’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ण’ यांच्या पोटात दोन-तीन वळणं एकाच उंचीत बसवावी लागतात, आणि वर शिरोरेखा, खाली उकार. सगळ्या रेघा सारख्याच जाड केल्या तर आत जागाच उरत नाही. म्हणून चांगल्या जाड देवनागरीत बाहेरची रेघ जाड ठेवून आतली रेघ बारीक करतात आणि ते डोळ्याला जाणवू देत नाहीत. बलूमध्ये हे काम नीट झालं आहे. ‘ब’ किंवा ‘ष’ टाइप करून मोठा करून पाहा: पोटातली तिरकी रेघ उभ्या दांड्यापेक्षा बारीक आहे, पण अक्षर एकाच वजनाचं वाटतं.

कडा मऊ आहेत, पण नळीसारख्या एकसुरी गोल नाहीत. रेघ जिथे वळते किंवा सुटते तिथे तिला जरासा टोकदारपणा ठेवला आहे, त्यामुळे अक्षर फुग्यासारखं सुटत नाही. रोमन ‘एन’, ‘एम’, ‘आर’ या अक्षरांत कमान जिथून निघते तिथलं बारीक टोक काढून टाकलं आहे, त्यामुळे रोमनही तितकंच मऊ दिसतं. परदेशात या जातीच्या अक्षरांना मोठी परंपरा आहे. १९२२ मधलं कूपर ब्लॅक किंवा १९७९ मध्ये फोक्सवॅगनसाठी झालेलं व्हॅग राउंडेड ही त्यातली ठळक नावं. त्यांची नक्कल करून वर देवनागरीची शिरोरेखा चिकटवण्याचे प्रकार खूप आहेत. बलूमध्ये देवनागरी आधी उभी राहिली आहे असं अक्षर पाहताना वाटतं, आणि हाच आमच्या लेखी त्याचा मोठा गुण.

पाचांपैकी रेग्युलर ही जाडी मात्र कमकुवत आहे. मऊ कडांना जाडीचा आधार लागतो. जाडी उतरली की तेच अक्षर ढिलं दिसतं. मेन्यूकार्डवरच्या पदार्थांच्या नावापुरतं ते चालतं, चार ओळींचा मजकूर त्यात लावू नये. त्यासाठी ‘एक टाइप’चाच मुक्ता घ्यावा. त्यात सात जाड्या आहेत आणि बलूच्या शेजारी तो शांत उभा राहतो.

किती जाड घ्यावं

बहुतेक जण थेट एक्स्ट्राबोल्ड उचलतात, आणि बहुतेक कामात तेच चुकतं. जाडी ठरवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: पाटी किती लांबून वाचायची, कोणत्या कोनातून वाचायची आणि अक्षर उजेड पाडणारं आहे की उजेड घेणारं.

अंतरासाठी साइनबोर्डच्या धंद्यातला ठोकताळा असा की दर १० फुटांना अक्षराची उंची किमान १ इंच हवी. ४० फुटांवरून वाचायच्या पाटीला ४ इंच. हा ठोकताळा रोमनसाठी रूढ झालेला आहे. देवनागरीत उंची मोजायची ती शिरोरेखेपासून ‘क’च्या तळापर्यंत, मात्रा-उकार धरून नव्हे, आणि जोडाक्षरं असतील तर त्यावर आणखी चौथा हिस्सा वाढवावा.

कोनाचा विचार पेठांमध्ये फार महत्त्वाचा आहे. शनिवार-नारायण पेठेतल्या गल्लीत पाटी भिंतीला सपाट लावलेली असते आणि वाचणारा गल्लीतून येत असतो, समोरून नाही. समोरच्या दिशेपासून ६० अंश तिरकं पाहिलं तर अक्षराची रुंदी डोळ्याला निम्मी दिसते. उंची तेवढीच राहते. म्हणजे एक्स्ट्राबोल्डच्या पोटातली आधीच अरुंद फट अर्धी होते आणि ‘ब’चा ‘व’, ‘ष’चा ‘प’ वाचला जातो. ‘बाकरवडी’ या शब्दात ‘ब’ आणि ‘व’ दोन्ही आहेत, तोच टाइप करून पडद्यावर रुंदी ५० टक्के करून पाहा. फरक पुसट होत असेल तर एक पायरी खाली या. अशा गल्लीत सेमीबोल्ड पुरतं. फर्ग्युसन रस्ता किंवा टिळक रोडसारख्या रुंद रस्त्यावर समोरच्या फुटपाथवरून पाहिली जाणारी पाटी बोल्ड किंवा एक्स्ट्राबोल्ड पेलते.

उजेडाचं गणित उलटसुलट आहे. आतून दिवे असलेली पाटी रात्री अक्षराच्या कडेबाहेर उजेड सांडते. अक्षर फुगतं आणि पोकळ्या मिटतात. तिथे सेमीबोल्ड घ्यावं. छपाईत काळ्या पट्टीत पांढरं अक्षर सोडलं असेल तर शाई उलट पांढऱ्यात घुसते आणि अक्षर बारीक होतं. तिथे बोल्ड बरं. पांढऱ्या कागदावर काळं छापताना शाई पोकळीत घुसते. साध्या कागदावर छापलेल्या मंडळाच्या पावतीपुस्तकात ‘सिद्धिविनायक’मधला ‘द्धि’ भरून येतो तो यामुळेच. पावतीवर बलू फक्त मंडळाच्या नावापुरता, १८ पॉइंटांच्या वर ठेवावा. पत्ता, नोंदणी क्रमांक, रकमेच्या ओळी मुक्तात ९-१० पॉइंटांत लावाव्यात.

मोबाइल नंबर एक्स्ट्राबोल्डमध्ये लावू नये, हे स्वतंत्रपणे सांगायला हवं. ३, ६, ८, ९ हे इंग्रजी आकडे या जाडीत लांबून एकमेकांसारखे दिसू लागतात. नाव बोल्डमध्ये आणि नंबर मीडियममध्ये, थोडा मोठा करून, असं ठेवलं की दोन्ही वाचले जातात.

शिरोरेखा: इथे सगळ्यात जास्त काम बिघडतं

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेखा घेऊन येतं. शेजारच्या दोन अक्षरांच्या रेघा थोड्या एकमेकांवर चढतात आणि आपल्याला एक सलग रेघ दिसते. ही सलगता टाइप केलेल्या मजकुरात टिकते. त्याला हात लावला की तुटते. जाड फॉन्टमध्ये तुटलेली रेघ बारीक फॉन्टपेक्षा जास्त बोचते, कारण रेघच रुंद असते.

पहिली चूक अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. रोमन नावात अंतर वाढवून दिलं की ते ऐटबाज दिसतं, म्हणून मराठीतही तेच आकडे टाकले जातात आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. बलूमध्ये अक्षर-अंतर शून्यच ठेवावं. शब्दांमधलं अंतर हवं तेवढं वाढवा. नाव खरोखरच लांब पसरवायचं असेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप न राहता नुसत्या आकारांत, बदलून अक्षरं हाताने सरकवावी, मधल्या फटीत शिरोरेखेच्याच उंचीचा आयत टाकावा आणि सगळं वेल्ड करावं, म्हणजे एकाच सलग आकारात जोडावं. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

दुसरी चूक बाह्यरेषेची. गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर पिवळ्या अक्षराला लाल आणि त्याबाहेर पांढरी कड ही आपली ठरलेली सजावट. मजकुराला थेट आउटलाइन दिली की प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड उमटते आणि शिरोरेखेवर अक्षरागणिक उभी रेघ दिसते. क्रम असा ठेवावा: आधी मजकुराची एक प्रत बाजूला राखून ठेवा, मग कर्व्हमध्ये बदला, मग पूर्ण शब्द निवडून कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’ करा. त्यानंतर आउटलाइनऐवजी बाहेरच्या बाजूचा कंटूर किंवा ऑफसेट पाथ घ्या, कोपरे गोल ठेवून. साधी आउटलाइन कडेच्या मधोमध बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी अक्षराच्या आत शिरते आणि बलूची जी रेखाटणी आपण निवडली तीच खाऊन टाकते. कंटूर काढल्यावर पोकळ्यांच्या आतही कड येते. ‘द्ध’, ‘ब’, ‘ष’ यांच्या बारीक पोकळ्यांतली कड काढून तिथे सपाट रंग भरावा, वाचायला सोपं जातं.

तिसरी चूक कमानीची. मंडळाचं नाव अर्धगोलात बसवताना ‘टेक्स्ट ऑन पाथ’ वापरलं तर प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात उभं राहतं, अक्षरं खालून जवळ येतात आणि वर शिरोरेखेत पाचरीसारख्या फटी पडतात. इथेही आधी वेल्ड, मग एन्व्हेलप किंवा वार्प. सलग आकार वाकवला की रेघ सलगच वाकते.

चौथी गोष्ट खोट्या बोल्डची. पाच खऱ्या जाड्या हाताशी असताना ‘बी’चं बटण दाबून सॉफ्टवेअरकडून जाडी वाढवून घेण्याची सवय सोडावी. सॉफ्टवेअर सगळ्या रेघा सरसकट फुगवतं. आतली रेघ बारीक ठेवण्याची जी मेहनत आधी सांगितली, ती एका बटणात वाया जाते.

कापणं आणि कोरणं

व्हिनाइल प्लॉटरला गोलसर अक्षर मानवतं. पातं टोकदार कोपऱ्यावर जागच्या जागी वळताना व्हिनाइल उचलतं. मऊ वळणावर ते न थांबता फिरतं, त्यामुळे कड स्वच्छ येते आणि पुढे उन्हापावसात कोपरे सुटण्याचा धोकाही कमी राहतो. पण वेल्ड न केलेली फाइल प्लॉटरला दिली तर तो शिरोरेखेच्या प्रत्येक जोडावर कापतो आणि काचेवर लावताना शब्दाचे तुकडे हातात येतात. पाठवण्याआधी फाइल वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगाविना फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात, पाहावी. शिरोरेखेच्या आत एकही रेघ दिसता कामा नये. बलू २ च्या व्हेरिएबल फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या जाड्या एकत्र असलेल्या फाइलमध्ये, एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर चढलेले असू शकतात, तेही या वेल्डमध्ये मिटतात.

कापलेल्या व्हिनाइलमधून नको असलेला भाग सोलताना दीड-दोन मिमीपेक्षा अरुंद फटी त्रास देतात. नावातलं सर्वांत दाटीचं जोडाक्षर शोधून त्याची फट मोजावी आणि अक्षराचा आकार तिच्यावरून ठरवावा. ‘विठ्ठल’, ‘श्रीकृष्ण’, ‘प्रतिष्ठान’ यांसारख्या नावांत हे आधी पाहावं लागतं. एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं खाली जागा घेतात, पण पोकळी आखडतात.

ॲक्रिलिक किंवा एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) राउटर या कापणाऱ्या यंत्रावर कापताना त्याच्या फिरत्या पात्याचा, म्हणजे बिटचा, व्यास लक्षात घ्यावा. ३ मिमीच्या बिटने आतला कोपरा दीड मिमीच्या गोलाईपेक्षा तीक्ष्ण होत नाही. टोकदार फॉन्टचे आतले कोपरे त्यामुळे बोथट होऊन बाहेरच्या कोपऱ्यांशी विसंगत दिसतात. बलूमध्ये मुळातच गोलाई असल्याने ही विसंगती झाकली जाते. उभारलेल्या अक्षरांसाठी तो योग्य ठरतो तो या कारणाने.

दिव्यांच्या उभारलेल्या अक्षरांत काना किती रुंद आहे हे आधी मोजा. नेहमीचं एलईडी मॉड्यूल १२ ते १५ मिमी रुंद असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उजेड पसरायला जागा लागते. काना २५ मिमीहून अरुंद असेल तर दिव्यांचे ठिपके वरून दिसतात. सुट्या भागांचा हिशेबही करावा: शिरोरेखेमुळे शब्द बहुधा एकसंध राहतो, हा देवनागरीचा मोठा फायदा. रोमनप्रमाणे एकेक अक्षर ओळीत लावावं लागत नाही. सुटा उरतो तो मुख्यतः अनुस्वाराचा ठिपका. त्याला स्वतंत्र पिन आणि स्वतंत्र वायर द्यावी लागते. बसवणाऱ्याला खऱ्या मापाचा कागदी साचा दिला नाही तर तो ठिपका अंदाजाने लागतो, आणि ‘मंडळ’चा अनुस्वार ‘ड’वर जातो. लांब शब्दाचा एकसंध पत्रा वाहून नेता येत नसेल तर तो शिरोरेखेवर दोन कान्यांच्या मधोमध कापावा, कान्याला लागून नाही. सांधा तिथे कमी दिसतो.

सॉफ्टवेअर आणि टायपिंग

गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये एक व्हेरिएबल फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये पाच स्वतंत्र फाइली असतात. जुन्या सॉफ्टवेअरला व्हेरिएबल फाइल दिली तर यादीत फक्त रेग्युलर दिसतं. मग कोणीतरी ‘बी’ दाबतं आणि खोटं बोल्ड छापलं जातं. पाटीच्या कामासाठी स्टॅटिक पाचच बसवाव्यात. दोन्ही एकदम बसवू नयेत, नावांची गल्लत होते.

पुण्यातल्या छपाईच्या जगात श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा वावर जुना आहे. दोन्ही इथल्याच. त्या पठडीतल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे आजचे फोन आणि संगणक वापरतात त्या प्रमाणित सांकेतिक पद्धतीतला, नसतो. त्याला बलू लावला की निरर्थक रोमन चिन्हं दिसतात. उलट, व्हॉट्सॲपवरून आलेला युनिकोड मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवला तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. कोरलड्रॉ एक्स६ पासून पुढे हे सुधारलं आहे. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या पसंतीत ‘इंडिक ऑप्शन्स’ चालू करून परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर द्यावा लागतो, इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर. फोटोशॉपमध्येही मजकूर-इंजिन तसंच बदलावं लागतं. इंकस्केपमध्ये काही करावं लागत नाही, आणि तो मोफत आहे. फ्लेक्सवाल्याकडे कोणती आवृत्ती आहे याची खात्री नसेल तर घरूनच कर्व्ह केलेली, वेल्ड केलेली पीडीएफ न्यावी.

खाण्याच्या दुकानांनी ‘ऱ्य’ जरूर तपासावा. ‘भाकऱ्या’, ‘पुऱ्या’ लिहिताना ‘र’ला हलन्त लावून ‘य’ दिला तर रफार येतो आणि ‘भाकर्या’ छापलं जातं. नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन मग हलन्त आणि ‘य’ दिला की अर्धा ‘र’ चंद्रकोरीसारखा योग्य जागी बसतो. तसंच ‘ल’ आणि ‘श’. ‘लक्ष्मी’ आणि ‘शनिवार’ हे दोन शब्द टाइप करून मराठी शाळेत शिकवतात तो पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दिसतो का पाहावं. हिंदी वळणाची रूपं दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडून पुन्हा पाहावं. मराठी वाचकाचा डोळा या दोन अक्षरांवर लगेच अडखळतो.

मराठी नाव आणि इंग्रजी नाव शेजारी

दुकानांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी देवनागरीत हवी, ती आधी हवी आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. इथे पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नये. कोणत्याही फॉन्टमध्ये दोन्ही ओळींना सारखा पॉइंट दिला तरी रोमन कॅपिटल आणि देवनागरी अक्षर यांची उंची सारखी भरेलच असं नाही. मोजपट्टी घेऊन ‘क’ची शिरोरेखेपासून तळापर्यंतची उंची आणि रोमन कॅपिटलची उंची मोजावी आणि मराठी ओळ त्याप्रमाणे वाढवावी. रोमन नाव छोट्या लिपीत ठेवलं तर दोन्ही ओळी एकमेकींशी जास्त जुळतात, कारण बलूच्या रोमन छोट्या अक्षरांना देवनागरीसारखीच गोलाई आहे. कॅपिटलमध्ये ती कमी दिसते.

दोन ओळींमधलं अंतर हीदेखील जपायची गोष्ट आहे. बलूने फॉन्टच्या आतच ओळीची उंची ऐसपैस ठेवली आहे, म्हणजे उकार आणि वेलांट्या कापल्या जाऊ नयेत. पाटीवर ती फार मोकळी दिसते. अक्षराच्या आकाराच्या १.१५ ते १.२५ पट अंतर पुरतं. वरच्या ओळीत उकार नसेल आणि खालच्या ओळीत वेलांटी-रफार नसेल तर आणखी जवळ आणता येतं. ‘अमृततुल्य’ वर आणि ‘श्री’ने सुरू होणारं नाव खाली असेल तर ‘मृ’, ‘तु’ आणि वेलांटी एकमेकांना भिडतात का पाहा.

वेबसाइटवर हीच ऐसपैस उंची बटणात त्रास देते. मजकूर मधोमध न बसता वर किंवा खाली सरकलेला वाटतो. शीर्षकाला लाइन-हाइट १.२ ते १.३ द्यावी आणि बटणात वरचं-खालचं पॅडिंग डोळ्याने वेगवेगळं ठरवावं. अक्षर-अंतर इथेही शून्य. व्हेरिएबल फाइल वेबसाठी मात्र सोयीची, एकाच फाइलमध्ये पाचही जाड्या येतात.

मोदकशी तुलना

‘एक टाइप’चाच ‘मोदक’ हा फॉन्ट बलूपेक्षा कितीतरी गुबगुबीत आहे. त्यात पोकळ्या जवळजवळ नाहीतच, त्यांच्या जागी बारीक रेघांएवढ्या फटी उरल्या आहेत. एकच जाडी आहे. गणेशोत्सवात मिठाईच्या दुकानावर दोन-तीन अक्षरांचा शब्द फूटभर उंच लावायचा असेल तर मोदकसारखा आनंदी फॉन्ट मराठीत दुसरा नाही. पण तो चित्रासारखा वापरावा. पत्ता, लांब नाव, जोडाक्षरांची रांग त्यात लावली की कोडं होतं. व्हिनाइलवर त्या बारीक फटी सोलणं हे तासन्‌तासांचं काम आहे. तो छापावा, कापू नये. टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करताना शाई पसरते, म्हणून सर्वांत अरुंद फट १ मिमीच्या वर राहील एवढा आकार घ्यावा. बलूला हा नियम सहज पाळता येतो, मोदकला छातीभर आकार लागतो.

पॉपिन्स या फॉन्टचं नावही अनेकदा पुढे येतं. त्याची देवनागरी भौमितिक आहे, कडा सरळ कापलेल्या. दवाखाना, शोरूम, सॉफ्टवेअर कंपनी यांना ती शोभते. मिसळीच्या पाटीवर ती परकी वाटते.

बलूही सगळीकडे शोभत नाही. चौकातल्या आदरांजलीच्या फलकावर, वकिलाच्या पाटीवर, गंभीर सूचनेवर हे हसरं अक्षर चुकीचं आहे. तिथे मुक्ता घ्यावा. नाटकाच्या शीर्षकासाठीही बलू अपुरा पडतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं ज्या ताकदीने रेखाटली, तिथे प्रत्येक नावाचं अक्षर त्या नाटकातून उगवलेलं होतं आणि ते काम कोणताही तयार फॉन्ट करू शकत नाही. शिवाय खाऊची पाकिटं, बालवाड्या, ॲप या सगळ्यांनी बलू इतका उचलला आहे की एका रस्त्यावर चार पाट्या त्याच अक्षरात दिसू शकतात. आपली वेगळी दिसावी असं वाटत असेल तर वेल्ड केलेल्या नावातला एखादा काना किंवा वेलांटी लेटरिंग जाणणाऱ्याकडून पुन्हा काढून घ्यावी. एक्स्ट्राबोल्डचं अंग यासाठी भरपूर जागा देतं.

पाटीची ऑर्डर देण्याआधी नावातलं सर्वांत दाटीचं जोडाक्षर खऱ्या मापात ए-फोर कागदावर काळ्या रंगात छापून घ्यावं. ६ इंची अक्षर त्यावर आरामात मावतं. शेजारी तेच एक पायरी कमी जाडीत छापावं. दोन्ही कागद पाटीच्या जागी चिकटवून रस्त्याच्या पलीकडून आणि गल्लीच्या तोंडावरून, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीला पाहावेत. दोन्ही कागद सारखेच वाचता येत असतील तर कमी जाडीचा घ्यावा, आणि तो कागद जाडीचं नाव लिहून फाइलसोबत कापणाऱ्याकडे द्यावा.